कॅरिअर नसलेली सायकल

यंदा बोंडं उशिरा फुटली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, तरी आमच्या तांड्यावरचं शेत हिरवंच होतं, आणि मग आठवडाभरात सगळी पऱ्हाटी पांढरी झाली. काल शाळा सुटल्यावर तांड्याकडं जाताना मी बांधाशी सायकल टेकवली आणि नुसती पाहत उभी राहिले. बायकांच्या कमरेच्या ओट्या कापसानं फुगलेल्या, कुणीतरी बांधावर तुरीच्या शेंगा भाजत होतं, त्या धुराचा वास थेट पोटात गेला. कापूस वेचणीला आला की माझं उजवं मनगट थोडं ठणकतं आणि मान आपोआप ताठ होते. मनगटात धातूची पट्टी आहे म्हणून ते थंडीत बोलतं. मानेचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मी कोणी विचारायची वाट पाहत नाही.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या वेचणीची. तांड्यामागून एक मुरमाड उतार खाली पुसदकडून येणाऱ्या डांबरी रस्त्याला मिळतो. मध्ये मोहाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी रस्ता एकदम डावीकडे मुरडतो. मुरूम तिथं ज्वारीच्या दाण्यांसारखा सुटा पडलेला असतो, वरून सागाची वाळलेली पानं. मी दारव्ह्याला राहते, उताराच्या खालच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि माझी याडी, म्हणजे आई, अजून वर तांड्यावरच असते. रविवारी तिला भेटायला सायकलनं वर जायचं आणि उतारानं खाली यायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. त्याच्या आदल्या हिवाळ्यात मोहाच्या वळणावर जुन्या सायकलनं मला हँडलवरून पुढं फेकलं आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी पट्टी बसवली, नातेवाइकांनी अक्कल शिकवली. आमचे हे तर सरळच म्हणाले, "सुनीता, तुले काय आता मेडल आनाचं हाये का? स्कुटी घे न गुमान."

मी म्हटलं, घेईन. पण आधी नवी सायकल घेईन, आणि येती वेचणी संपायच्या आत तो उतार पाय न टेकवता उतरीन. नाही जमलं तर सायकल विकायची, पुन्हा टेकडीचं नाव काढायचं नाही. हे मी जेवताना बोलले, हातात भाकरीचा तुकडा होता, आणि बोलून गेल्यावर तो तसाच ताटात ठेवला. कारण उतार गेला असता तर नुसती सायकल गेली नसती. आठवडाभर मी मॅडम असते, सून असते, कुणाची वहिनी असते. उतारावर मी फक्त मी असते, आणि ते मला सोडायचं नव्हतं.

आमच्यात याचा थोडा गर्वही आहे, खोटं कशाला सांगू. आमचे पूर्वज लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून घाटामागून घाट ओलांडणारी माणसं. उताराला भिणं आमच्या रक्तात नाही, असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगत असते. एकदा याडीसमोर सांगितलं, तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "बैल भेत नसतीन. मानसं भेतच असतीन, बाई." घरात आम्ही बंजाऱ्यांच्या गोर बोलीतच बोलतो, पण तिचं बोलणं मी इथं वऱ्हाडीतच सांगते, सगळ्यांना कळावं म्हणून.

सायकल घ्यायला यवतमाळला गेले तेव्हा मला वाटलं होतं, सायकल निवडणं म्हणजे काय मोठं काम. आमच्याकडे सायकलीचं माप हातानं घेतात. कोपर सीटच्या टोकाला टेकवायचं आणि बोटं पुढं लांबवायची. बोटं हँडलला लागली की सायकल आपली. बापूंची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी सायकल अशीच घेतली होती, माझी जुनी गिअरची सायकलही अशीच. दुकानात ओळीनं नव्या सायकली उभ्या होत्या आणि त्यांना पाहून मला पहिल्यांदा हसूच आलं. चाकं भली मोठी, हँडल बैलाच्या शिंगांएवढं रुंद, आणि पुढचा चिमटा असा तिरपा की पुढचं चाक पार लांब जाऊन बसलेलं. जुन्या सायकलीचं चाक माझ्या नाकाखाली असायचं. हिचं चाक जणू दुसऱ्या कुणाच्या घरी नांदत होतं. सीट मात्र पुढं सरकलेली, आणि हँडल धरणारा तो आडवा तुकडा, ज्याला दुकानात स्टेम म्हणतात, अगदी बोटभर.

"हिचं तोंड एवढं लांब कायले काढलं?" मी दुकानदाराला विचारलं.

पोरगेलासा होता, पण सायकलींवर जीव असलेला माणूस. तो म्हणाला, "ताई, आता सगळ्या अशाच येतात. उतारावर थे समोरचं चाकच तुमाले सांभाळते. फक्त तुमाले समोर याव लागीन, त्याच्यावर वजन द्याव लागीन."

मी कोपर टेकवलं. बोटं हँडलच्या पुढं चार बोटं गेली. म्हणजे माझ्या मापानं सायकल आखूड. त्यानं परोपरीनं सांगितलं की हे माप बसलेल्या माणसाचं आहे, उतारावर तुम्ही पायडलवर उभ्या राहणार, उभं राहून बघा, तेव्हा ही लांबच लागेल. मी उभी राहून पाहिलं, लांब लागली, तरी मी कोपरावरच अडून बसले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं माप एका तुकड्यासाठी खोटं कसं ठरवायचं? शेवटी त्यानं माझ्या हट्टापुढं हात टेकले, लांब स्टेम लावून दिला, आणि मूळचा आखूड तुकडा पिशवीत घालून माझ्या हातात देत म्हणाला, "हा फेकू नका ताई." मी मनात म्हटलं, बघू.

सायकल तांड्यावर नेली त्या दिवशी शेतात पहिली वेचणी होती. पहिल्या वेचणीला पऱ्हाटीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायची आमच्या भागात रीत आहे. झाडाला हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, मग ओटी बांधायची. याडीनं शेतातल्या पहिल्या ओळीला नैवेद्य दाखवला आणि उरलेली वाटी घेऊन सायकलीपाशी आली. पुढच्या चाकाला कुंकू लावलं, खाली घासभर भात ठेवला. बायका हसल्या. याडी म्हणाली, "पऱ्हाटीले देल्ला, तं इले काहून नाही? इनं कोनतं पाप केलं?"

नैवेद्य दाखवूनही सायकलीला माझी दया आली नाही. पहिल्याच रविवारी मोहाच्या वळणावर पुढचं चाक मुरमावरून सरकलं आणि मी कुशीवर आडवी झाले. पुढच्या रविवारी सरकलं, पण पाय टेकवून वाचले. त्याच्या पुढच्याला पुन्हा आडवी. सायकल चढाला अशी गोड चालायची की वाटावं, हिच्यात इंजिन बसवलंय. सपाटीला बरी. उतार लागला की मात्र पुढचं चाक हलकं व्हायचं, कुठं चाललंय ते हाताला कळायचंच नाही. गुडघ्याच्या खपल्या निघायच्या आत नवीन खपल्या. शेतातल्या बायका ओट्या सावरत बांधावर यायच्या आणि तमाशा पाहायच्या. त्यांच्यातली कमलाबाई, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ, मला म्हणाली, "मॅडम, हे सायकल इका अन बकरी घ्या. बकरी पाडत नाही, दूधबी देते."

मी हसले, पण घरी येताना पायडल मारायला जीव नव्हता. दुसरी वेचणी आटोपत आली होती. पऱ्हाटीची पानं तांबूस होऊन गळायला लागली होती. हे काही बोलत नव्हते, आणि न बोलणारा नवरा बोलणाऱ्यापेक्षा जास्त छळतो. त्यांनी फक्त एकदा, पेपर वाचता वाचता, दारव्ह्यात स्कुटीचं नवीन दुकान झाल्याचं सांगितलं.

वळणावर काय चुकतंय ते मला कळत नव्हतं असंही नाही. दुकानदाराचं बोलणं पाठ होतं. समोर या, वजन द्या. मी वरून निघताना ते घोकत निघायचे, आणि उतार सुरू झाला की माझं अंग माझं ऐकायचंच नाही. हात ताठ व्हायचे, कंबर मागं जायची, सीटच्याही मागं. अंगाला हे कुणी शिकवलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

बापू ट्रकवर होते, महिना महिना घरी नसायचे. त्यांची काळी सायकल घरात भिंतीला टेकून असायची. मी आधी दांड्याखालून पाय घालून कैची मारायला शिकले, मग दांड्यावरून टांग टाकायला, आणि नववीत गेले तेव्हा याडीला कॅरिअरवर बसवून दारव्ह्याच्या बाजारात न्यायला लागले. ती एकाच बाजूला पाय सोडून बसायची. मांडीवर कधी मिरच्यांचं, कधी शेंगांचं गाठोडं, एका हातानं माझी वेणी धरलेली. लगाम होता तो तिचा. उतार आला की वेणीला हलका झटका बसायचा आणि मागून आवाज यायचा, "मांगं टेक, मांगं." मागं टेकायचं, हात ताठ ठेवायचे, पुढचं चाक हलकं सोडायचं. सायकलीचं सगळं वजन, म्हणजे माझी याडी आणि तिचं गाठोडं, मागच्या चाकावर. ते वजन सांभाळत खाली यायचं हेच माझं सायकल शिकणं. तांड्यावरचे म्हातारे चिलीम थांबवून बघायचे. पोरगी मायले बसवून आनते, असं म्हणायचे. ते ऐकून मी मुद्दाम घंटी वाजवायचे. त्या वयात इतका मान मला पुन्हा कशानंच मिळाला नाही, दहावीच्या निकालानंही नाही.

पुढं जुनी गिअरची सायकल घेतली, तिचा चिमटा इतका उभा की उतारावर मागं लटकल्याशिवाय जिवंत खाली येणं नाही. तिनंही मला तेच पक्कं करून दिलं. तीस वर्षं मी मागं टेकत खाली येत होते.

तर दुसऱ्या वेचणीतल्या त्याच दिवसांत, एका रविवारी, ऊन चांगलं वर आलं होतं. याडी वेचता वेचता ओळ सोडून मोहाखाली येऊन बसली. ओटी मांडीवर, पाय पसरलेले. मी वरून आले, वळणावर चाक सरकलं, मी पाय टेकवला. मी सायकल ढकलत वर गेले, पुन्हा आले, पुन्हा पाय टेकवला. माझ्या डोळ्यांत रागाचं पाणी आलं होतं. तेव्हा ती बोटांतल्या कापसाची सरकी काढत म्हणाली, "छोरी, मांगं कोन बसलं हाये?"

"कोणी नाही. कोण असणार?"

"मंग कोनासाठी अशी बसून राह्यली? माह्यासाठी?"

मी सायकलीकडं पाहिलं. तिला कॅरिअरच नव्हतं.

"मी कवाचीच उतरली वं," ती म्हणाली. "मी आता जीपनं येतो-जातो. तू आपली समोर बस."

मला हसू आलं आणि हसता हसता मी रडायलाच लागले. बांधावर बसून, हेल्मेट डोक्यावर ठेवून, शाळेतल्या मॅडमनं रडू नये तशी रडले. याडीनं ओटीतला कापूस पुढं केला, डोळे पूस म्हणून. ती एवढी वर्षं माझ्या मागं बसून होती आणि मला ठाऊकच नव्हतं. माझ्या ताठ हातांत, मागं गेलेल्या कमरेत, त्या गाठोड्याचं वजन अजून होतं. कुणाला हे ओझं वाटेल. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. ज्या बाईनं स्वतः कधी पायडल मारलं नाही, तिनं पोरीच्या हातात सायकल दिली आणि स्वतःचा जीव तिच्या मागं बसवला. त्या काळात, आमच्या तांड्यावर.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्यातल्या मिस्त्रीकडून मी लांब स्टेम काढून टाकला आणि पिशवीतला आखूड तुकडा लावला. मिस्त्रीनं विचारलं, कोपर मोजलं का? मी म्हटलं, राहू दे ते. मग शिकायला बसले, पहिलीतल्या पोरासारखी. सीट खाली करायची. पायडलवर उभं राहायचं. कोपरं बाहेर काढायची आणि छाती हँडलवर न्यायची. पाट्यावर मिरची वाटताना बाई जशी पुढं झुकून हातांवर भार देते, अगदी तसं. ही खूण मला सापडली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. हे तर आम्हाला जन्मापासून येतं, फक्त सायकलीवर कुणी मागितलं नव्हतं.

पण मोडलेल्या मनगटावर भार टाकायचा म्हणजे काय ते मोडलेल्यालाच कळतं. डोळ्यांसमोर उतार, आणि अंग म्हणतंय मागं पळ, आणि तुम्ही त्याला पुढं ढकलताय. आधी शाळेमागच्या छोट्या उतारावर केलं. मग तांड्याच्या पायवाटेवर. भार पुढं गेला की ते लांब तोंडाचं चाक मुरमात दात रोवतं, आणि हाताला कळतं की आता आपण धरले गेलो आहोत. त्याचं तोंड लांब का ते मला तेव्हा समजलं. मी पुढं यावं म्हणून त्यानं जागा करून ठेवली होती, आणि मी आपली मागं, नसलेल्या कॅरिअरवर नजर ठेवून.

आता स्टाफरूममध्ये माझ्या वयाच्या बायकांकडं पाहते तेव्हा वाटतं, किती जणी अशाच मागं टेकून चालवताहेत. लेकरं मोठी होऊन पुण्याला गेली, सासू-सासरे राहिले नाहीत, आणि तरी चार वाजले की यांचा जीव घराकडं पळतो. मी त्यांना काही शिकवत नाही. शिकवलं तर माझंच हसं करतील. पण त्यांच्यातल्या एकीनं मागच्या महिन्यात मला हळूच विचारलं, रविवारी मी येऊ का म्हणून. मी तिला माझी जुनी सायकल दिली नाही. म्हटलं, नवीनच घे, आणि कोपर घरी ठेवून दुकानात जा.

आमचे हे आता चारचौघांत माझी सायकल मिरवतात. चिमट्याचा कोन, चाकाचं माप, सगळं पाठ करून सांगतात, जणू उतार यांनीच उतरला. मी ऐकून घेते. स्कुटीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या वेचणीचा शेवटचा रविवार होता तो. पऱ्हाटीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, शेंड्याला कुठंकुठं चुकार बोंड. गुरं शेतात सोडायची वेळ झाली होती. याडी त्या दिवशी दारव्ह्याला, माझ्या घरी चार दिवस राहायला निघाली होती. तिला मी सकाळीच पायवाटेनं खाली रस्त्यावर पाठवलं, जीप मिळेल म्हणून, आणि मी मागून सायकलनं येते असं सांगितलं. कुठल्या वाटेनं ते सांगितलं नाही. पडलेच तर तिनं ते पाहू नये एवढंच मनात होतं.

वर उभी राहून मी हेल्मेटचा पट्टा आवळला. धुकं अजून खालच्या नाल्यात होतं. सागाची पानं सुटून एकेक खाली येत होती. मी सीट खाली केली, कोपरं काढली, आणि ब्रेकवरची पकड सैल केली. मुरूम टायरखाली करकरायला लागला. कंबर मागं पळायला बघत होती, तिला मी पुढं ओढलं. छाती हँडलवर. मोह जवळ आला, त्याच्या बुडाशी मुरमाचा तोच सुटा ढीग, त्याच्यावर पानं. मी भ्याले. बैल भ्याले नसते, मी भ्याले, आणि भीत भीत सगळं वजन पुढच्या चाकावर टाकलं. चाक किंचित हललं, मग त्यानं धरलं. वळण माझ्या डाव्या खांद्यावरून मागं गेलं. पुढं सरळ उतार, नाल्याचं कोरडं पात्र, दोन मोठे धक्के, आणि मग डांबर दिसायला लागलं. माझ्या तोंडातून आवाज निघत होता, कसला ते मला माहीत नाही.

रस्त्यावर काळीपिवळी जीप उभी होती. इंजिन चालू, आत माणसं खच्चून भरलेली, दोघं मागं लटकलेले, आणि सगळ्यांच्या माना वर टेकडीकडं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. माझी याडी पुढच्या दाराला हात लावून रस्त्यात उभी होती, आणि ती बाजूला झाल्याशिवाय दार लागत नव्हतं. वर माझं लाल हेल्मेट तिला दिसलं असणार.

"चाल न मावशी," ड्रायव्हर वैतागून म्हणत होता. "साऱ्या सवाऱ्या खोळंबल्या."

"थांब जरासा," ती म्हणाली. मान वळवली नाही, नजर उतारावरच. "माही पोरगी येऊन राह्यली."

मी डांबरावर आले, ब्रेक दाबला आणि तेव्हा कुठं पहिल्यांदा पाय टेकवला. जीपमधली माणसं माझ्याकडं पाहत होती. याडीनं मला वरून खालपर्यंत नीट न्याहाळलं, गुडघे, कोपरं, हात. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. पण ती पदर खोचून जीपमध्ये चढली, दार ओढून घेतलं, आणि सगळ्या सवाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ड्रायव्हरला म्हणाली, "पाह्यलं न? चाल आता."